नऊ नंबरच्या घराभोवतीचा गोल

११, पारिजात रो-हाउस,
नवीन पनवेल
७ ऑगस्ट २०११

प्रिय अब्दुल्लाभाई,

सलाम, आणि रमजानच्या शुभेच्छा. मोऱ्याला तुमच्या मेहुण्यांकडे सगळे खुशाल असतील. इकडे आम्हीही ठीक. शोभाचा गुडघा पावसात दुखतो, तरी सातच्या ठोक्याला ऑफिसला निघतेच. रुचिरा पुण्यात आहे, नवीन नोकरीत रुळली. मी रिटायर माणूस, पेपर वाचतो, भाजी आणतो आणि दोन्हीत शोभा चुका काढते.

तुमच्या दारावर एजंटाने फळी लावलीय. ‘रो-हाउस विकणे आहे’ आणि खाली त्याचा मोबाइल नंबर. माझ्या खुर्चीतून ती समोरच दिसते, त्यामुळे नंबर पाठ झालाय.

फोन करणार होतो. दोनदा केलाही, पण घंटी वाजायला लागली की मीच ठेवून दिला. तीस वर्षं वर्गात बडबडलेला माणूस मी, पण तुमच्याशी बोलायला शब्द फुटेना. म्हणून पत्र. मुद्द्यावर येतो म्हणता म्हणता बघा, किती लांबड लावली.

तुम्ही तेव्हा मस्कतला होता. जे ऐकलंत ते भाभींच्या तोंडून, आणि त्या कमीच सांगतात. तेव्हा माझ्याकडून ऐका.

आपल्या गल्लीत पाण्याची किती बोंब असते हे तुम्हाला सांगायला नको. कोपऱ्यावर पाणी सोडणारा वॉलमन बुधाजी ‘उद्या पाणी नाय हाय’ असं कोणाजवळ तरी पुटपुटला, की दुपारपर्यंत सतरा घरांच्या मोटरी सुरू. जो तो खालच्या टाकीतलं पाणी वर चढवणार. मी गॅलरीत बसलेला असतो, ऐकत असतो. प्रत्येकाच्या मोटरचा आवाज मला ओळखू येतो. सहा नंबरची खोकते, दोन नंबरची शिट्टी मारते. जानेवारीत मला खूळ लागलं, मी वेळा टिपायला लागलो. कोणाची मोटर किती वाजून किती मिनिटांनी.

हे आमच्या विषयातलंच आहे, संख्याशास्त्रातलं. बातमी कोणी कोणाला सांगितली ते दिसत नाही; ती कोणाकडे केव्हा पोचली एवढंच कळतं. पण एकाच गावात अशा पुष्कळ बातम्यांच्या वेळा जमवल्या, तर कोणाचं कोणाकडे जाणं-येणं आहे ते कागदावर उतरवता येतं. सहा नंबर सुरू झालं की अर्ध्या तासाने दोन नंबर, एकदा झालं तर योगायोग. पण चौदापैकी तेरा वेळा झालं तर सहाकडून दोनकडे बाण काढायला हरकत नाही. कोणाला काही न विचारता मी गल्लीचा असा बाणांचा तक्ता केला. फार खूश होतो. शोभा म्हणाली, “अहो, लोकांच्या मोटरी कसल्या मोजताय? आपल्या टाकीचा फ्लोट मोडलाय तो आधी बघा.”

मग एप्रिलमध्ये रुचिराचं लग्न मोडलं. तारीख ठरलेली, पत्रिका छापून आलेल्या, आणि मुलाकडच्यांनी शेवटच्या क्षणी पाय मागे घेतला. पोरीचं एकच म्हणणं होतं, “बाबा, आठ दिवस कोणाला सांगू नका. मी सावरते, मग माझी मीच सांगीन.” आम्ही कबूल केलं. ती फक्त भाभींच्या स्वयंपाकघरात जाऊन रडली होती, तेवढं मला ठाऊक होतं.

आणि दुसऱ्या दिवशी बारा वाजायच्या आत सगळ्या गल्लीला कळलं! बायका सांत्वनाला यायला लागल्या. एकीने तर रुचिराला विचारलं, “मुलाचं दुसरीकडे काही होतं का गं?” पोरगी जी खोलीत गेली ती दोन दिवस बाहेर आली नाही. तिसऱ्या दिवशी पुण्याला निघून गेली. माझं डोकं फिरलं.

एक मेला सोसायटीची मीटिंग होती. मी तक्ता घेऊन गेलो. सतरा चौकोन, लाल बाण, आणि तुमच्या नऊ नंबरभोवती मोठा गोल. “गल्लीतली बातमी कुठून सुटते ते हे आकडे सांगतात,” असं म्हणालो. नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच काय होती? सगळ्यांनी मागे वळून भाभींकडे पाहिलं. रुचिराची गोष्ट गल्लीत फक्त त्यांनाच माहीत होती, हेही मी बोललो.

भाभी उठल्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, “सर, एकदा विचारायचं तरी होतं.” आणि गेल्या.

त्यानंतर कोणी त्यांच्याशी बोलेना. त्या आल्या की ओट्यावरच्या बायका गप्प व्हायच्या. तुम्ही सुट्टी टाकून आलात, त्यांना मोऱ्याला घेऊन गेलात, कुलूप लागलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

आता नवीन काय ते सांगतो. तुमचं घर बंद झालं तरी गल्लीत बातम्या त्याच वेगाने फिरत राहिल्या. मग मध्यंतरी आमची गोदू, जी तुमच्याकडेही धुणीभांडी करायची, ती बहिणीच्या मुलाच्या लग्नाला चार दिवस ओव्याला गेली. त्या चार दिवसांत बुधाजीने पाणी बंद ठेवलं, आणि गल्लीत कोणाला पत्ताच नाही! निम्म्या मोटरी लागल्याच नाहीत, उरलेल्या पाणी गेल्यावर वाटेल तेव्हा लागल्या. माझे सगळे बाण गायब. तेव्हा ट्यूब पेटली. सहा नंबर दोन नंबरला काही सांगतच नव्हतं. सहाचं काम उरकून गोदू दोनकडे जायची, एवढंच. जाता जाता बुधाजीकडून पाण्याचं ऐकायची आणि सांगत जायची. मी तिच्या कामाच्या वेळा टिपल्या होत्या आणि लोकांच्या मैत्रीचा तक्ता म्हणून मिरवत होतो.

ती आल्यावर विचारलं, “गोदू, रुचिराचं तू कोणाला सांगितलंस?”

ती म्हणाली, “मी मुद्दाम नाय सांगितलं साहेब. तुमी फोनवर भावाला सांगत व्हता, मी फरशी पुसत व्हते. पोरीला लहानपनापासून बघितलंय मी. पुढच्या घरी गेले, भांडी घासता घासता रडू आलं. त्यांनी इचारलं, गोदू काय झालं? मग काय सांगू?”

खरं आहे तिचं. मी हॉलमध्ये उभा राहून मोठ्याने बोलत होतो. शोभा ऑफिसला गेलेली, घरात कोणी नाही असं समजून. गोदू चार हातांवर होती.

तर असा सगळा गैरसमज झाला, अब्दुल्लाभाई. अलीकडेच उलगडला. कोणाचा दोष म्हणावा असं नाही, योगच तसा. माझं घाईत चुकलं हे मान्य. तुम्ही एवढ्यासाठी घर विकू नका. सतरा वर्षांचा शेजार आहे. भाभींना माझा नमस्कार सांगा आणि तुमच्या शब्दांत नीट समजावून सांगा. तुमचं त्या ऐकतील.

आपला मित्र,
उदयसिंह


११, पारिजात रो-हाउस,
नवीन पनवेल
१८ सप्टेंबर २०११

हुस्नबानो भाभींना,

नमस्कार. तुमची तब्येत बरी असेल. ईद झाली, गणपती झाले, दोन्हींत तुमची आठवण निघाली. हे लिहिलं खरं, पण खुशाली विचारायचा हक्क मला आहे असं वाटत नाही. तरी पत्राची सुरुवात दुसरी कशी करायची ते मला येत नाही.

अब्दुल्लाभाईंचं पोस्टकार्ड आलं. दोनच ओळी होत्या. ‘सर, पत्र माझ्या नावावर आलं. आळ माझ्यावर नव्हता. मी हुस्नबानोला वाचून दाखवलेलं नाही, दाखवणारही नाही.’

मी ते शोभाला दाखवलं. तिने आधी मला माझं पत्र काय होतं ते विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे बाईची अब्रू घेतलीत आणि माफी तिच्या नवऱ्याकडे पोचती केलीत. तीही निरोपाने.” बरोबरच होतं तिचं.

तेव्हा हे पत्र तुमचं. पहिल्या पत्रातली सगळी हकिकत पुन्हा लिहीत नाही. भाईंजवळ असेल, हवं तर मागून वाचा. थोडक्यात इतकंच की रुचिराची बातमी तुमच्याकडून फुटली नव्हती. मी फोनवर बोललो, गोदूने ऐकलं, ती दुसऱ्या घरी रडली, तिथून पसरलं. बातमी माझ्याच तोंडून सुटली. गोदूला मी माणसात मोजलं नव्हतं, म्हणून ते मला दिसलं नाही. आमच्या घरी तिने मला पाण्याची बातमीसुद्धा कधी सांगितली नाही, कारण मी पेपर वाचत असतो आणि मध्ये कोणी बोललेलं मला खपत नाही.

पण पहिल्या पत्रात मी काही गोष्टी लपवल्या. त्या आता लिहितो. लिहिताना लाज वाटतेय. वाटायलाच हवी.

मी लिहिलं होतं की हे अलीकडे उलगडलं. खोटं. गोदू ओव्याहून परतली ती मेच्या एकोणतीस तारखेला, आणि मी त्याच सकाळी तिला विचारलं. म्हणजे तुम्ही गेलात त्याला सतरा दिवस झाले होते. जून गेला, जुलै गेला, मी तोंड शिवून बसलो. मीटिंगनंतर लोक माझी पाठ थोपटत होते. “सर, काय डोकं चालतं तुमचं!” ती वाहवा सोडवेना. एजंटाची फळी लागली नसती तर मी आजही गप्प बसलो असतो.

खरं म्हणजे त्याच्याही आधी मला कळायला हवं होतं. वीस मेला पाणी जायची हाकाटी झाली, तुमच्या घराला कुलूप, आणि तरीही मोटरी त्याच क्रमाने लागल्या. ज्या घरातून सगळं सुटतं असं मी म्हणालो, ते घर नसतानाही सगळं जिथल्या तिथे! पहिल्या वर्षाच्या पोराने हात वर करून विचारलं असतं, सर, मग तुमचा तक्ता चुकला ना? मी वही मिटून ठेवली.

दुसरं खोटं. मी मीटिंगमध्ये म्हणालो, आणि भाईंनाही लिहिलं, की गल्लीत फक्त तुम्हालाच माहीत होतं. नाही भाभी. तुळशीरामलाही माहीत होतं. चार नंबरचा. लग्नाचा हॉल त्याच्या ओळखीने मिळाला होता, तो सोडायचा म्हणून मीच त्याला सांगितलं होतं. तुम्हाला रुचिराने सांगितलं, त्याला मी. म्हणजे रुचिराला दिलेला शब्द मीच पहिल्यांदा मोडला होता.

आता तिसरं. हे शोभालाही मी गेल्या आठवड्यापर्यंत सांगितलं नव्हतं.

तक्त्यात पुढे एकच घर नव्हतं. दोन होती. चौदा वेळांपैकी सात वेळा पहिली मोटर तुमची लागली, सात वेळा चार नंबरची. सात-सात. आमच्याकडून निघाल्यावर गोदू कधी तुमच्याकडे आधी जायची, कधी तुळशीरामकडे, त्याची बायको फिरून परतली असेल तसं. मला तेव्हा गोदूचं ठाऊक नव्हतं, पण सात-सात तर दिसत होतं ना! आकड्यांनी दोन घरं दाखवली होती. मी मीटिंगच्या आदल्या दुपारी चार नंबरचे बाण खोडले आणि तक्ता नव्या कागदावर उतरवून घेतला. गोल एकाच घराभोवती काढला.

आणि रुचिराची बातमी त्या दिवशी गेली ती चार नंबरकडूनच. गोदू रडली ती तुळशीरामच्या स्वयंपाकघरात.

का केलं असं? महिनाभर स्वतःला विचारतोय. पहिलं उत्तर मला सापडलं ते असं की तुळशीराम अंगावर आला असता. तो चेअरमन आहे, त्याचा आवाज मोठा, त्याच्या मागे आठ घरं. तुमच्या मागे कोणी नव्हतं. भाई परदेशात. तुम्ही भांडणार नाही, गप्प निघून जाल, हे मला आतून माहीत होतं.

पण एवढंच नाही. तुम्ही मुसलमान, गल्लीतलं एकच घर. लोक चटकन मान डोलावतील हेही मला आतून माहीत होतं. आणि नुसते लोकच नव्हे. सतरा वर्षं तुमच्याकडचा शिरखुर्मा खाल्ला, रुचिरा तुम्हाला खाला म्हणत वाढली, आणि दोन सारख्या घरांतून एक निवडायची वेळ आली तेव्हा माझा हात आपोआप तुमच्याकडे वळला. मी स्वतःला तसला माणूस समजत नव्हतो. तसली माणसं वेगळी असतात, ती टीव्हीवर ओरडतात, असं मला वाटायचं.

रुचिरा तेव्हाच फोनवर म्हणाली होती, “बाबा, खाला नाही. शक्यच नाही.” मी तिला म्हणालो, “भावनेने नाही, आकड्यांनी बोल.” कुठल्या तोंडाने म्हणालो असेन! आकडे मीच खोडले होते.

चार सप्टेंबरला गल्लीच्या गणपतीची आरती झाल्यावर मी सगळ्यांसमोर उभा राहिलो. म्हणालो, हुस्नबानो भाभींवर मी खोटा आळ घेतला, बातमी माझ्या घरून फुटली, मी सर्वांसमोर कबूल करतो. कोणीतरी प्रसादाचं ताट पुढे केलं आणि म्हणालं, “जाऊ द्या हो सर, झालं ते झालं, मोदक घ्या.” तेवढ्यात पोरांनी स्पीकर लावला.

मला वाटलं, माझं काम झालं. ही बातमीही पसरेल. आठवडा थांबलो आणि मग भाजीवाल्यापाशी, कोपऱ्यावर, ज्याला त्याला विचारत सुटलो. आरतीला मोजून चार घरं होती. त्या चार घरांनी कोणालाही सांगितलेलं नाही. गोदूला विचारलं, तर म्हणाली, “सांगते ना मी साहेब, सगळीकडे सांगते. ते बोलतात ‘हां’, आनि दुसरंच काय इचारतात.” तुमच्यावरचा आळ अर्ध्या दिवसात सतरा घरं फिरला. तो खोटा होता, ही गोष्ट कोणी उंबऱ्याबाहेर न्यायला तयार नाही.

म्हणून मीच जातोय. एकेका घरी, बेल वाजवून. बसा म्हणतात, मी बसत नाही. उभ्यानेच सगळं सांगतो, सात-सातसुद्धा, खोडलेले बाणसुद्धा.

पहिल्यांदा तुळशीरामकडे गेलो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “बरं झालं माझं नाव घेतलं नाहीस. डोकंच फोडलं असतं तुझं.” आणि हसला. चहा सांगितला. मी तो तसाच ठेवून बाहेर पडलो. दोन नंबरच्या काकू म्हणाल्या, “आम्हाला तर तेव्हाच वाटलं होतं, हुस्नबानो तशी बाई नाही.” मला विचारावंसं वाटलं, मग तेव्हा बोलला का नाहीत? पण ते विचारणारा मी कोण? सहा नंबरने ऐकून दार लावून घेतलं. आजपर्यंत नऊ घरं झाली. आपली दोन सोडली तर सहा उरली. आठवड्यात होतील.

घर विकू नका असं मी भाईंना लिहिलं होतं. ते शब्द मागे घेतो. मी असं म्हणत होतो ते तुमच्यासाठी नव्हे. समोरचं कुलूप रोज बघावं लागू नये म्हणून म्हणत होतो. विका किंवा ठेवा, तुमचं तुम्ही ठरवा. फक्त या गल्लीत तुमचं नाव निघेल तेव्हा ते कसं निघेल, एवढ्यासाठी मी दारोदार फिरतोय. उरलेल्या घरांनी ऐकलं नाही तरी सांगणार.

रुचिरा म्हणते, बाबा, मोऱ्याला जाऊन पाय धरा. शोभाही तेच म्हणते. मी खूप विचार केला. भाभी, मी येणार नाही. मी दारात उभा राहिलो तर तुम्ही मला आत बोलवाल, पाणी द्याल, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाल, “जाने दो सर, हो गया.” तुम्ही तशाच आहात. तुमचा तोच चांगुलपणा धरून मी एकदा तुमचा गळा कापला. त्याच्याच जोरावर आता माफीही घेऊन जायची, हे मला करायचं नाही. पत्राला उत्तर देऊ नका. राग आला असेल तर तो ठेवा. तो तुमचा आहे, आणि खरा आहे.

एकदा विचारायचं तरी होतं, म्हणाला होतात. नाही विचारलं, कारण तुम्ही ‘नाही’ म्हणाला असता, आणि मला तुमच्यावर विश्वास ठेवावा लागला असता.

तुमच्यावर खोटा आळ घेणारा, आणि तो खोटा आहे हे माहीत असून तीन महिने गप्प बसलेला,

उदयसिंह